शेवटच्या तीस फुटांतले इंटरनेट

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातले वालूर ओळखले जाते ते तिथल्या चक्राकार बारवेमुळे. गोल वळत खाली उतरणाऱ्या त्या दगडी पायऱ्यांची छायाचित्रे मोबाईलवरून महाराष्ट्रभर फिरली आहेत. आता अशा गावांच्या गल्ल्यांत खांबाखांबांवरून काळी बारीक वायर लोंबताना दिसते. कुठे सरकारी कंपनीचे फायबर, कुठे स्थानिक केबलवाल्याची जोडणी, कुठे माळवदावर किंवा गच्चीवर बसवलेला ५जीचा पांढरा डबा. शहरापासून गावापर्यंत आणि गावापासून उंबऱ्यापर्यंत इंटरनेट आणण्यासाठी बराच पैसा आणि बरेच श्रम खर्ची पडले. मात्र ढाळजेतून माजघरात जाताना तेच इंटरनेट अडते. तक्रार होते ती ‘नेट चालत नाही’ अशी, आणि राग निघतो कंपनीवर, टॉवरवर, नाहीतर वायरमनवर. बहुतेक वेळा दुखणे असते घरातल्या शेवटच्या तीस फुटांत, म्हणजे दोन-चार लुकलुकत्या दिव्यांच्या त्या छोट्या डब्यात, राउटरमध्ये, आणि तो जिथे ठेवला आहे त्या जागेत.

या डब्याने गावाला दिले ते कमी नाही. जुलै २०२४ मध्ये मोबाईल कंपन्यांनी दर वाढवले. जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा रिचार्ज २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेला. घरात चार मोबाईल असतील तर महिन्याला जवळपास १,२०० रुपये होतात. दुसरीकडे घरी बसणाऱ्या वायरच्या जोडणीचे ३९९ रुपयांचे, करासह ४७१ रुपयांच्या आसपास पडणारे, ३० एमबीपीएस वेगाचे प्लॅन गेली काही वर्षे बाजारात आहेत. शेतात, एसटीत, बाजारात मोबाईलचा रिचार्ज लागतोच, तो काही सुटत नाही. पण घरात राउटर असला की तिघांचा रिचार्ज लहानावर भागतो. शिवाय रोजचा दीड जीबी संपला म्हणून मुलीचा तास अर्ध्यावर तुटत नाही. एका चांगल्या प्रतीच्या व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास वेग पुरतो. म्हणजे ३० एमबीपीएसमध्ये घरातले चार-पाच जण एका वेळी आरामात बसू शकतात.

तरीही देशात अशी घरे थोडीच आहेत. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार मार्च २०२५ अखेर देशातल्या सुमारे ९७ कोटी इंटरनेट ग्राहकांपैकी वायरच्या जोडण्या चार कोटींच्या थोड्या वर होत्या. बाकी सगळा देश मोबाईलच्या हवेतल्या डेटावर चालतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये शाळा मोबाईलवर भरल्या तेव्हा एका घरात एकच फोन आणि अभ्यासाला तीन मुले, ही ओढाताण मराठवाड्याने पाहिली आहे. स्पर्धा परीक्षेचे अर्ज, महाडीबीटीवरची कागदपत्रे, पुण्याच्या कंपनीचे गावातून चालणारे काम हे सगळे फोनच्या डेटावर चालते खरे, पण धापा टाकत चालते.

राउटरचा आणखी एक फायदा गावात फारसा कोणी सांगत नाही. डिसेंबर २०१९ मध्ये एअरटेलने आणि जानेवारी २०२० मध्ये जिओने वायफायवरून साधा फोन लावण्याची सोय सुरू केली. जाड भिंतींच्या घरात टॉवरची रेंज येत नाही म्हणून फोन कानाला लावून अंगणात धावणारी माणसे कोणत्याही खेड्यात दिसतात. फोनच्या सेटिंगमध्ये वायफाय कॉलिंग चालू केले आणि घरात राउटर असला की तोच फोन माजघरातून लागतो. त्याला वेगळे पैसे पडत नाहीत. रात्री-अपरात्री दवाखान्यात फोन लावण्याची वेळ आली तर ही सोय फार मोलाची ठरते. नवी जोडणी देणारा माणूस ती ग्राहकाला दाखवून जात नाही, ही खरी खंत आहे.

आता दुबळी बाजू. तिची सुरुवात घराच्या बांधणीपासून होते. मराठवाड्यातली जुनी घरे उन्हाळा सोसण्यासाठी बांधलेली आहेत. दोन-अडीच फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंती, वर लाकडी सऱ्यांवर मातीचा थर दिलेले माळवद. हीच भिंत राउटरच्या लहरीही शोषून घेते. पावसाळ्यात माती ओली झाली की आणखीच. नव्या घरांत स्लॅबमधल्या सळया आहेत आणि पत्र्याच्या खोल्यांत पत्रा आहे. धातूवरून लहर मागे परतते, पलीकडे जात नाही. त्यात डबा ठेवला जातो तो वायर जिथून आत आली तिथेच: टीव्हीच्या मागे, लोखंडी कपाटावर, नाहीतर भिंतीतल्या दिवळीत. दिवळी दिसायला सोयीची, पण तीन बाजूंनी तीच जाड माती. तिथून निघालेला सिग्नल समोरच्या खोलीत भरपूर मिळतो आणि मागच्या खोल्यांत पोचेपर्यंत विरून जातो.

समोरच्या खोलीत बसतो कोण? घरातली कर्ती माणसे, पाहुणे आणि टीव्ही. अभ्यासाला मुली बसतात मागच्या खोलीत, सून असते स्वयंपाकघरात. घरात पैसे सगळ्यांच्या नावाने भरले जातात आणि रेंजची वाटणी मात्र बसण्याच्या जुन्या रीतीप्रमाणे होते. हे कोणी ठरवून केलेले नाही. डबा कुठे ठेवायचा हे वायरमनने पाच मिनिटांत ठरवले आणि त्या वेळी घरातल्या बायकांना कोणी विचारले नाही, एवढेच झाले. दहा-पंधरा मीटर जास्तीची वायर ओढून डबा घराच्या मध्यावर, छातीच्या वर उंचीला बसवला असता तर निम्मी तक्रार तिथेच मिटली असती. उभ्या अँटेनाचा सिग्नल आडवा पसरतो, वर-खाली कमी जातो. म्हणून दुमजली घरात तळमजल्यावरच्या डब्याची एक अँटेना आडवी केली तरी वरच्या खोलीत फरक पडू शकतो.

राउटर दोन पट्ट्यांवर बोलतो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साधारण साडेबारा सेंटीमीटर असते. ती भिंतीतून त्यातल्या त्यात बरी जाते, पण वेगाने कमी. ५ गिगाहर्ट्झची लहर त्याहून निम्म्या लांबीची. ती वेगवान आहे, पण एका जाड भिंतीतच दमते. भारतात २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा जानेवारी २००५ मध्ये परवानामुक्त झाला आणि ५ गिगाहर्ट्झमधला मोठा पट्टा ऑक्टोबर २०१८ मध्ये. कोणीही परवान्याशिवाय वापरू शकतो, हीच वायफायची मोठी ताकद. म्हणूनच स्वस्तात डबे आले आणि घरोघर पोचले. उणीवही तिथेच आहे. २.४ वर एकमेकांत न मिसळणाऱ्या वाहिन्या तीनच. १, ६ आणि ११. शेजारचा राउटर, ब्लूटूथचा स्पीकर, मायक्रोवेव्ह ओव्हन सगळे त्याच पट्ट्यात. वायफायवर एका वाहिनीवर एका क्षणी एकच जण बोलू शकतो, बाकीच्यांनी थांबायचे. भिंतीला भिंत लागून असलेल्या गल्लीत दहा राउटर एकाच वाहिनीवर असतील, तर प्रत्येकाने आपापले पैसे भरूनही सगळे एकमेकांची वाट पाहत बसतात. वालूरसारख्या गावात अजून शहराइतकी गर्दी नाही, पण ती होणार आहे. वाहिनी बदलण्याचे काम दोन मिनिटांचे असते.

खोक्यावरच्या आकड्यांचा मुद्दा ग्राहकाच्या खिशाशी येऊन भिडतो. ‘३००’ असे ठळक छापलेल्या स्वस्त राउटरचे वायरचे पोर्ट बहुधा १०० एमबीपीएसचेच असते. नळच तेवढा असताना हवेतला ३०० हा आकडा ग्राहकाला कधी मिळणार नसतो. ‘१२००’ हा आकडा दोन पट्ट्यांच्या कागदी वेगांची बेरीज, ३०० अधिक ८६७. एकही मोबाईल तो वेग पाहत नाही. हे खोटे नसले तरी ग्राहकाची दिशाभूल करणारे आहे, आणि सेलूच्या किंवा परभणीच्या दुकानात डबा घेणाऱ्याला ते समजावून सांगणारा कोणी नाही. दर महिन्याला जास्त पैसे मोजून १०० एमबीपीएसचा प्लॅन घेणारे घर जुन्या एकपट्टी डब्यावर मागच्या खोलीत जेमतेम ८-१० एमबीपीएस मिळवते. मग कंपनी बदलते. नव्या कंपनीचा माणूस नवा डबा त्याच दिवळीत ठेवून जातो.

आपले दुखणे कुठे आहे हे ओळखायला यंत्र लागत नाही. फायबरच्या डब्यावर ‘लॉस’ नावाचा दिवा लाल झाला असेल तर वायर तुटली आहे. पाइपलाइनसाठी खोदणाऱ्या जेसीबीने तोडली असेल, नाहीतर खांबावरून उडी मारणाऱ्या वानराने. तिथे तक्रार कंपनीकडेच करायची. तो दिवा लाल नसेल, राउटरजवळ उभे राहून वेग चांगला मिळत असेल आणि मागच्या खोलीत मिळत नसेल, तर खोट जागेत आहे. अशा वेळी लोक रिपीटर विकत आणतात. साधा एकपट्टी रिपीटर ज्या वाहिनीवर ऐकतो त्याच वाहिनीवर पुन्हा बोलतो, त्यामुळे वेग जवळपास निम्म्यावर येतो. त्यापेक्षा मागच्या खोलीपर्यंत एक लॅन केबल ओढून तिथे दुसरा राउटर लावणे केव्हाही चांगले. केबलला थोडे पैसे जास्त पडतात, पण ती वर्षानुवर्षे टिकते.

मग ऊन. एप्रिल-मे महिन्यांत परभणीचा पारा ४२-४३ अंशांवर जातो. घरगुती राउटरच्या माहितीपत्रकात चालण्याचे तापमान बहुधा ० ते ४० अंश असे लिहिलेले असते. म्हणजे परभणीच्या मे महिन्यात हा डबा कागदोपत्री चालायलाच नको. पत्र्याच्या खोलीत, टीव्हीच्या मागे, वर प्लॅस्टिकचे रुमाल घातलेल्या अवस्थेत तो चालतो आणि दुपारी दोनला वेग मंदावला की लोक टॉवरला बोल लावतात. डब्यावरचे झाकण-रुमाल काढणे आणि भिंतीपासून चार बोटे अंतर ठेवणे इतक्या साध्या गोष्टींनी फरक पडतो.

विजेचे गाऱ्हाणे याहून मोठे. राउटर दहा वॉटच्या आसपास वीज खातो, पण ती नसेल तर सगळेच बंद. लोडशेडिंगच्या गावात महिनाभराचे पैसे भरून दिवसातले काही तास जोडणी मेलेलीच असते. हजार-दीड हजार रुपयांत १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो, जो राउटर दोन-तीन तास चालवतो. पण घरात यूपीएस असून भागत नाही. फायबरच्या जाळ्यात खांबावर वीज लागत नाही, तिथे काचेचा धागा नुसता विभागलेला असतो. स्थानिक केबलवाल्याने खांबावर स्विच लावून तिथून घरात तांब्याची लॅन केबल आणली असेल, तर गल्लीची लाईट गेली की स्विच बंद आणि यूपीएसवर चालणारा राउटरही रिकामा. शिवाय वळवाच्या पावसात वीज कडाडते तेव्हा तांब्याच्या तारेतून तिचा झटका थेट डब्यात उतरतो. काचेचा धागा वीज वाहून नेत नाही, अडॅप्टरमधून मात्र झटका येऊ शकतो. जोडणी घेताना ‘घरात वायर काचेची येणार की तांब्याची’ एवढा एक प्रश्न विचारावा. प्लॅनच्या वेगापेक्षा तो महत्त्वाचा आहे.

सुरक्षेबाबत महाराष्ट्राने फार कडू अनुभव घेतला आहे. २६ जुलै २००८ च्या संध्याकाळी अहमदाबादेत साखळी बॉम्बस्फोट झाले, ५६ माणसे गेली. स्फोटांच्या काही मिनिटे आधी वृत्तसंस्थांना एक धमकीचा ई-मेल आला होता. त्याचा माग काढत पोलीस पोचले नवी मुंबईत, सानपाड्याच्या एका सदनिकेत. तिथे एक अमेरिकी नागरिक राहत होता. त्याची चौकशी झाली, संगणक तपासले गेले. पुढे स्पष्ट झाले की त्याच्या घरच्या वायफायचा वापर दुसऱ्यांनीच केला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात दिल्लीच्या स्फोटांवेळी आलेल्या ई-मेलचा माग चेंबूरमधल्या एका खासगी कंपनीच्या वायफायपर्यंत गेला. फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागाने इंटरनेट कंपन्यांना वायफायच्या सुरक्षित वापराबाबत सूचना काढल्या, त्यामागे हा सगळा इतिहास होता. राउटरचा पासवर्ड शेजाऱ्याने फुकट नेट वापरू नये एवढ्यासाठी नसतो. त्या जोडणीवरून जे जाईल त्याचा माग ग्राहकाच्या दारापर्यंत येतो.

गावाकडे पासवर्डची तऱ्हा काय? बरेचदा ग्राहकाचा मोबाईल नंबर. बसवणाऱ्याला सोपे, घरच्यांना पाठ. पण तोच नंबर दुकानाच्या पाटीवर असतो, लग्नपत्रिकेत असतो, गावाच्या व्हॉट्सॲप गटात असतो. ज्याच्याकडे नंबर नाही त्यालाही अवघड नाही. भारतातले मोबाईल नंबर ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होतात, म्हणजे शक्यता फार तर ४०० कोटी. हवेतून टिपलेल्या माहितीवर एक चांगले ग्राफिक्स कार्ड सेकंदाला काही लाख पासवर्ड तपासू शकते. पाच लाख धरले तरी सगळे नंबर सव्वादोन तासांत तपासून होतात. हे तर्कट नाही. २०२१ मध्ये इस्रायलच्या सायबरआर्क कंपनीतल्या एका संशोधकाने तेल अवीव शहरात फिरून ५,००० वायफाय जाळ्यांची माहिती टिपली आणि त्यातल्या सुमारे ७० टक्के जाळ्यांचे पासवर्ड शोधून काढले. मोठे कारण हेच, तिथेही बरेच लोक मोबाईल नंबरच पासवर्ड ठेवत होते.

दुसरा पासवर्ड असतो डब्याच्या आतल्या सेटिंगचा. ‘अ‍ॅडमिन’ आणि पुन्हा ‘अ‍ॅडमिन’. जुलै २०१७ मध्ये बीएसएनएलच्या ब्रॉडबँड मोडेमवर मालवेअरचा हल्ला झाला. ज्यांनी कारखान्यातून आलेला पासवर्ड बदलला नव्हता ते मोडेम त्यात सापडले, आणि कंपनीला ग्राहकांना पासवर्ड बदलण्याचे आवाहन करावे लागले. ब्राझीलमध्ये २०११-१२ च्या सुमारास ४५ लाख मोडेमच्या सेटिंग बदलून लोकांना बँकांच्या बनावट पानांवर वळवले गेले होते. पत्ता बरोबर टाईप करूनही पान खोटे उघडते, ही फसवणूक राउटरमधून होते आणि मोबाईल कितीही नवा असला तरी नुसता पाहून ती कळत नाही. पीक कर्जाचे, अनुदानाचे, विम्याचे पैसे आज त्याच वायफायवरून पाहिले जातात.

या सगळ्यात ग्राहकाला दोष देणे सोपे आहे आणि अन्यायाचे आहे. डबा बहुतेक ठिकाणी कंपनीचाच असतो. ग्राहक अनामत भरतो किंवा प्लॅनमध्येच त्याची किंमत चुकवतो. फायबरच्या डब्यांचे सॉफ्टवेअर दूरवरून अद्ययावत करण्याची सोय कंपनीकडे असते. म्हणजे चावी कंपनीकडे आणि जबाबदारी मात्र दहावी-बारावीच्या मुलाच्या आई-बापाकडे, अशी ही विभागणी आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुधारित भारतनेटसाठी १,३९,५७९ कोटी रुपयांना मंजुरी दिली, त्यात दीड कोटी ग्रामीण घरांना फायबरच्या जोडण्या देण्याचे उद्दिष्ट आहे आणि त्या गावातल्याच उद्योजकांमार्फत द्यायच्या आहेत. हा चांगला विचार आहे. गावातलाच पोरगा जोडणी देणार असेल तर त्याला भिंती माहीत असतात, लाईट कधी जाते ते माहीत असते आणि कोणाच्या घरात अभ्यास कुठल्या खोलीत चालतो तेही माहीत असते. फक्त त्याला ‘वायर आत आली, दिवा हिरवा झाला, काम संपले’ असे शिकवू नये. मोबाईल हातात घेऊन घरभर फिरून वेग तपासणे, मग डब्याची जागा ठरवणे, दोन्ही पासवर्ड बदलून घरच्यांच्या हातात कागदावर देणे, वायफाय कॉलिंग चालू करून दाखवणे हे त्याच्या कामात धरले पाहिजे आणि त्याचे पैसे त्याला मिळाले पाहिजेत. अर्ध्या तासाचे हे काम आहे. ते नीट झाले तर पुढच्या अनेक तक्रारींच्या फेऱ्या वाचतात, यात कंपनीचेही हितच आहे.

ब्रिटनमध्ये २९ एप्रिल २०२४ पासून सगळ्या डब्यांना एकच सोपा पासवर्ड घालून विकणे कायद्याने बंद झाले आहे, आणि सॉफ्टवेअर किती काळ अद्ययावत ठेवणार हे उत्पादकाला जाहीर करावे लागते. खोक्यावर ‘३००’ जेवढे ठळक छापतात तेवढ्याच ठळकपणे ही मुदत, पोर्टचा खरा वेग आणि चालण्याचे तापमान भारतातही मराठीत छापायला लावले पाहिजे. तोवर सेलू, जिंतूर, मानवतच्या केबलचालकांना एक गोष्ट आजच करता येईल. मेच्या उन्हाआधी आणि वळवाच्या पावसाआधी आपल्या जुन्या ग्राहकांकडे एक फेरी मारावी, दिवळीतले डबे बाहेर काढावेत आणि मोबाईल नंबरचे पासवर्ड बदलून द्यावेत.